लकव्यानंतर हातासाठी रोबोटिक ग्लोव्ह घ्यावा का? (नागपूर)

कळमन्याची लेक | १४ जुलै, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. बाबांना मार्चमध्ये लकव्याचा झटका आला. वय ६३. मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी होती, म्हणून डावी बाजू गेली. आता चार महिने झालेत. पायाचं बरंच आलं, काठी घेऊन घरात फिरतात, बोलणंही स्पष्ट आहे. हात मात्र तिथेच अडला आहे. खांदा थोडा उचलतात, कोपर वाकतं, पण बोटं मुठीत वळलेली असतात आणि स्वतःहून उघडत नाहीत.

बाबा आयुष्यभर संत्र्याच्या धंद्यात, कळमन्याच्या बाजारात अडत्याकडे. दोन्ही हातांत एकेक फळ घेऊन नुसत्या वजनावरून सांगायचे की हे पोकळ आहे, हे रसाचं आहे. आता डावा हात मांडीवर पडलेला असतो आणि ते त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत. मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

मोबाइलवर सारखी त्या हवेच्या ग्लोव्हची जाहिरात येते. छोटा पंप असतो, ग्लोव्हच्या पाठीला नळ्या, बटण दाबलं की बोटं उघडतात-मिटतात. मी पाहिले ते नऊ ते चौदा हजारांच्या दरम्यान होते. पुण्याचा भाऊ उद्याच पैसे पाठवतो म्हणतो. सुटी देताना डॉक्टर ‘फिजिओ चालू ठेवा’ एवढंच म्हणाले होते. फिजिओचे दादा घरी येतात ते मुख्यतः चालण्यावर मेहनत घेतात.

कोणी असा ग्लोव्ह वापरला आहे का? हातासाठी नागपुरात नेमकं कोणाला दाखवायचं? रात्री-रात्री शोधत बसते आणि प्रत्येक ठिकाणी वेगळंच वाचायला मिळतं.

---

खामल्याचे काका | १५ जुलै, सकाळी ७.०५

ताई, पैसे पाठवायची घाई करू नका. आमच्या घरी असा ग्लोव्ह कपाटात पडून आहे.

माझ्या मिसेसला तीन वर्षांपूर्वी लकव्याचा अटॅक आला, उजवी बाजू गेली. मुलीने ऑनलाइन मागवला. पहिल्या दिवशी तो घालायलाच आम्हाला पंचवीस मिनिटं लागली. एक बोट आत सरकवलं की दुसरं बाहेर. घामाने ग्लोव्ह चिकटायचा. कसाबसा चढवला, पंप सुरू केला, तर मधली पेरं थोडी उघडली, मनगट मात्र लटकतच राहिलं आणि अंगठा नळीतून निसटून तळव्यात दुमडला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बंद केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. विकणाऱ्याला फोन केला तर वापरलेली वस्तू परत घेत नाही म्हणाला. मोठं माप तरी बदलून द्या म्हटलं, तेही नाही.

वस्तू खोटी होती असं मी म्हणत नाही. हिच्या हातासाठी ती नव्हती आणि हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. विकत घेण्याआधी कोणी हात बघितलाच नव्हता. एवढंच लिहायला आलो.

---

ओटी मानेवाडा | १५ जुलै, दुपारी २.४०

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी) आहे, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारी, अठरा वर्षं हेच काम करते. कळमन्याची लेक, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही, म्हणून जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. लांब होईल.

ग्लोव्ह चांगला की वाईट हे नंतर ठरवू. आधी हात कुठपर्यंत आला आहे ते बघायला हवं. बाबांना खुर्चीत नीट बसवा, डावा हात समोर टेबलावर ठेवा. आता त्यांचं मनगट हलकेच खाली, तळव्याच्या बाजूला वाकवा. बोटं आपोआप सैल पडतात का? बहुतेकांची पडतात. बोटं उघडणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या मनगटाच्या पाठीवरून जातात, मनगट खाली गेलं की त्या ताणल्या जातात. मनगट वर उचललं की उलट होतं, मूठ वळते. काका, तुमची पंचवीस मिनिटं बहुधा इथे गेली. मनगट आधी खाली सोडायचं, अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो तिथे धरून अंगठा हळूच बाहेर काढायचा, मग बाकीची बोटं. टोकाला धरून एकेक बोट ओढायचं नाही. ओढलं की हात अजून आवळतो.

लकव्याच्या हातात दोन गोष्टी एकदम चालू असतात. ताकद गेलेली असते आणि जोडीला आवळ आलेला असतो. मिटणारे स्नायू आवळतात, उघडणारे दुबळे राहतात. म्हणून घरोघरी जो स्पंजचा चेंडू हातात देतात, ‘दाबा, दाबा’ म्हणतात, तो आधी बाजूला ठेवा. मूठ मिटायला बाबांना मदत नकोच आहे, ती मिटलेलीच आहे. मेहनत उघडण्यावर घ्यायची.

आता तपासायच्या गोष्टी. मनगट खाली असताना बाबा स्वतःच्या जोरावर एखादं बोट किंचितही सरळ करू शकतात का? अंगठा बाजूला हलतो का? जांभई देताना किंवा शिंकताना हात काय करतो? बोटांवर सूज, लाली, गरमपणा आहे का? खांद्याच्या हाडाखाली बोट जाईल एवढी खोबण पडली आहे का? आणि एक वेगळाच प्रश्न, ताटातलं डाव्या बाजूचं अन्न उरतं का? ते हाताकडे बघतच नाहीत असं तुम्ही लिहिलंत, म्हणून विचारते. उजव्या मेंदूच्या झटक्यात डोळे चांगले असूनही डावी बाजू लक्षातून निघून जाते. तसं असेल तर कुठलंही मशीन लावण्याआधी लक्ष परत आणावं लागतं.

ग्लोव्हबद्दल. हवेचा ग्लोव्ह बोटं हलवतो. सांधे मोकळे राहतात, हात थोडा सैल होतो, तळवा उघडून धुता येतो. हा उपयोग खरा आहे. पण बाबा टीव्ही बघताहेत आणि ग्लोव्ह आपला चालू आहे, तर मेंदूला त्यातून शिकायला फार थोडं मिळतं. वापरायचाच असेल तर ‘उघडा’ म्हणायचं, नजर हातावर ठेवायला लावायचं, तीन सेकंद त्यांना स्वतः प्रयत्न करू द्यायचा आणि मग बटण दाबायचं.

सरावाचा आकडाही सांगते. अमेरिका-कॅनडातल्या थेरपीच्या सत्रांत बसून केलेली मोजणी २००९ साली आली. एका सत्रात हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ भरल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदू बदलायला शेकडो लागतात. म्हणजे थेरपिस्टच्या अर्ध्या-पाऊण तासावर हात येत नाही, घरात दिवसभरात किती वेळा केलं त्यावर येतो.

आणि दाराला दोरी-पुली बांधून चांगल्या हाताने लकव्याचा हात वर ओढत असाल तर आजच सोडा. खांदा दुखावतो, आणि दुखरा खांदा असलेला माणूस हाताचा व्यायाम टाळायला लागतो.

---

कळमन्याची लेक | १५ जुलै, रात्री १०.१५

ताई, पुली बांधली होती. संध्याकाळी काढली.

मनगट खाली केल्यावर बोटं खरंच सैल पडली! चार महिन्यांत पहिल्यांदा बाबांचा तळवा न ओढता पूर्ण दिसला. रेषांमध्ये मळ साचला होता, नखाने एके ठिकाणी वळ पडला होता. कोमट पाण्याने धुतला. स्वतःहून उघडायला सांगितलं तर मधलं बोट आणि तर्जनी जरा हलली, अगदी थोडी. अंगठा नाही. सूज थोडी आहे, लाली नाही.

ताटाचं सांगते. रोज ताटात डावीकडे जवसाची चटणी आणि कोशिंबीर वाढलेली असते, ती तशीच उरते. आई समजत होती की दुखण्यापासून यांचं तिखटावरून मन उडालं. आज मी जेवताना मधेच ताट फिरवलं. बाबा म्हणाले, ‘अरे वा, आज जवसाची चटणी केली वाटते.’ आई उठून आत गेली. चार महिने ती रोज वाढत होती.

---

महालचा भाऊ | १६ जुलै, सकाळी ९.३०

नमस्कार. मी सोता पेशंट हावो. सहा वर्षं झाले, डावाच हात. हे एका हातानंच टाइप करून राहिलो, चुकीचं दिसलं तं सांभाळून घ्या.

सगळे लोक तुमाले हात परत आणाच्या गोष्टी सांगतीन. ते कराच. पण तोवर माणसाले आजचा दिवस बी काढा लागते ना. मले पहिले सहा महिने बायको शर्टाच्या गुंड्या लावून द्याची. मले लय लागे ते. मंग मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) ओटी विभागात एका ताईनं लाकडी मुठीचा तारेचा आकडा देला. गुंडीच्या काजातून आकडा घालाचा, गुंडीले अडकवाचा, ओढला की गुंडी बाहेर. पहिल्या दिवशी एका शर्टाले वीस मिनिटं लागले. आता दोन मिनिटाचं काम हाये. त्या आकड्यानं मले जेवढं दिलं तेवढं कोण्या मशीननं नाई दिलं, हे मी मनापासून सांगतो.

अजून सांगतो. ताटाखाली ओला नॅपकिन टाका, ताट सरकत नाई. एका बाजूनं उंच काठाचं ताट असते, पोळीचा घास काठाले टेकवून उचलता येते. चमच्याच्या दांडीले सायकलच्या हँडलचं रबर चढवलं की जाड होते, सुन्न बोटात बी राह्यते. नेलकटर एका पाटीवर स्क्रूनं पक्का बसवून घेतला, तळहाताच्या बुडानं दाबतो, चांगल्या हाताचे नखं आपलेच आपण कापतो. इतवारीत एका सुताराकडून करून आणला.

तुमच्या बाबाचे बोटं आज उघडत नसतीन, पण हात वजन म्हनून तं चालते ना? कागदावर लिहताना कागद दाबून धराले डावा हात. पोळपाट सरकू नये म्हनून डावा हात. पुस्तकाचं पान धराले. पडलेल्या हाताले बी रोजचं काम द्या. मी तं तसंच केलं. सहा वर्षानंतर बी माझी मूठ पूरी उघडत नाई, पण मी त्या हाताले इसरलो नाई.

आरशाचा व्यायाम बी विचारा ताईले. आमच्याकडं तोच चालला होता.

---

हिंगण्याची इंजिनीअर | १६ जुलै, रात्री ८.५०

बायोमेडिकलचं शिकले, अशा उपकरणांवर काम केलं आहे. जाहिरातींत सगळी उपकरणं एकाच नावाने खपवतात म्हणून थोडं सुटं करून सांगते.

महागातलं महाग मशीन सगळ्यात चांगलं, असं नाही. ब्रिटनमध्ये रॅटल्स नावाची मोठी चाचणी झाली, ७७० पेशंट. काहींना रोबोटवर सराव, काहींना माणसाकडून तितकाच वाढीव सराव, काहींना नेहमीचे उपचार. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत रोबोटमुळे हाताची रोजची कामं करण्यात वाढ दिसली नाही. तो रोबोट दवाखान्यातला, वेगळ्या प्रकारचा होता, त्यामुळे घरच्या ग्लोव्हवर ते जसंच्या तसं लावता येणार नाही. पण ‘रोबोट आहे म्हणजे बरं होणारच’ असं कोणी सांगितलं तर हा निकाल त्याच्यापुढे ठेवा.

दुसरा प्रकार स्प्रिंगचा, त्यात वीज लागत नाही. सेबोफ्लेक्स हे त्यातलं माहितीतलं नाव. मनगट आधाराने वर धरलेलं असतं, बोटांच्या पाठीवर स्प्रिंग. माणसाने स्वतः मूठ मिटून वस्तू धरायची आणि ढिली सोडली की स्प्रिंग बोटं उघडून देते. ज्याला मिटता येतं पण उघडता येत नाही त्याच्यासाठीच हे बनलं आहे. बाबांचं वर्णन वाचून मला आधी हेच आठवलं. मात्र माप घेऊन बसवावं लागतं, पार्सल मागवून जमत नाही.

तिसरा प्रकार विजेच्या झटक्यांचा. इथे दुकानदार सर्रास गोंधळ घालतात. सर्जिकलच्या दुकानात ‘टेन्स’ मशीन देतात, ते दुखणं कमी करण्यासाठी असतं. बोटं उघडायला स्नायू आकुंचन पावेल असं, म्हणजे एनएमईएस किंवा एफईएस मशीन लागतं, आणि पट्ट्या कोपराच्या खाली, हाताच्या पाठीकडच्या बाजूला लावतात. काही मशीनं स्नायूतला बारीकसा सिग्नल ओळखतात आणि तुम्ही प्रयत्न केला तरच झटका देतात. मला तो प्रकार जास्त पटतो, कारण सुरुवात पेशंटच्या बाजूने होते. पेसमेकर असेल तर हे लावायचं नाही. हाताला स्पर्श कळत नसेल तर पहिल्यांदा थेरपिस्टसमोरच लावा, कातडी भाजली तरी कळत नाही.

मेंदूच्या लहरी वाचून बोटं उघडणारी टोपीही आली आहे. इप्सिहँड नावाच्या उपकरणाला अमेरिकेत २०२१ मध्ये परवानगी मिळाली. मेंदूच्या न बिघडलेल्या बाजूचा सिग्नल ते वापरतं. आपल्याकडचं नाव घ्यायचं तर वेल्लोरच्या सीएमसीने आणि आयआयटी मद्रासने मिळून ‘प्लूटो’ केलं. एकच मोटर, तिला वेगवेगळ्या मुठी लावायच्या. एका मुठीवर मनगट, दुसरीवर तळहात उलटा-सुलटा करणं, तिसरीवर मूठ उघडणं-मिटणं. टेबलावर मावतं. मला त्याचं फार कौतुक आहे, कारण ते आपल्या दवाखान्यांचा विचार करून बनवलं आहे.

तुमच्या जागी मी असते तर आत्ता पैसे स्प्लिंट (हात-मनगट नीट धरून ठेवणारा साचा) आणि थेरपीवर घातले असते, आणि दोन महिन्यांनी बोटं किती उघडतात ते बघून मशीन ठरवलं असतं.

---

ओटी मानेवाडा | १७ जुलै, दुपारी १.५५

इंजिनीअर ताईंनी छान लिहिलं. स्प्लिंटबद्दल थोडं सांगते. ऑस्ट्रेलियात ६३ पेशंटवर अभ्यास झाला, २००७ मध्ये आला. चार आठवडे रोज रात्री स्प्लिंट घातला तरी मनगटाचा ताठरपणा कमी झाला नाही. म्हणून ‘रात्री स्प्लिंट घाला, हात सरळ होईल’ असं मी कोणाला सांगत नाही. नखं तळव्यात रुतू नयेत, मनगट लोंबू नये, सकाळी सरावाला हात थोडा मोकळा मिळावा, एवढ्यासाठी देते.

आणि नागपूरकरांनो, थर्मोप्लास्टिकचा स्प्लिंट उन्हाळ्यात गाडीत किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. आम्ही तो गरम पाण्यात मऊ करूनच हातावर बसवतो. मे महिन्यात बंद गाडीत त्याचं तेच होतं. माझ्याकडे दर उन्हाळ्यात दोन-तीन जण वाकडे स्प्लिंट घेऊन येतात. आत सुती मोजा घाला, घामोळं येत नाही.

मधलं बोट आणि तर्जनी हलली ना? मग खूप काही करता येईल. चांगला हात बांधून लकव्याच्या हाताकडूनच काम करून घ्यायची पद्धत आहे, तिची मोठी चाचणी २००६ मध्ये आली, २२२ पेशंट. पण तिच्यात घेताना मनगट आणि बोटं थोडी तरी स्वतःहून उघडणारे लोकच घेतले होते. बाबा अजून तिथे नाहीत, म्हणून उजवा हात बांधून त्यांना हैराण करू नका. आरशापासून सुरू करा. लक्ष डावीकडे आणायलाही त्याची मदत होते.

---

कळमन्याची लेक | १७ जुलै, रात्री ९.४०

आरसा कसा लावायचा, कोणी नीट सांगेल का?

---

महालचा भाऊ | १७ जुलै, रात्री १०.०५

सोपं हाये. आरसा छातीच्या मधोमध उभा ठेवाचा, चमकती बाजू चांगल्या हाताकडं. लकव्याचा हात आरशाच्या मांगं, दिसला नाई पाह्यजे. आरशात पाहाचं आन दोन्ही हात सोबत उघडाचे. चांगला उघडते, मांगचा प्रयत्न करते, डोळ्याले वाटते दोन्ही उघडले. अंगठी, घड्याळ काढून ठेवाचं, नाई तं मनाले पटत नाई. आरशाच्या काठाले टेप लावजा.

---

सक्करदऱ्याची मावशी | १८ जुलै, दुपारी १२.३०

कागदपत्रांचं सांगते, सासूबाईंसाठी सगळं फिरून झालं आहे. हातासाठी मेडिकलमधला ऑक्युपेशनल थेरपी विभाग बघा, तिथे कॉलेजच आहे, स्प्लिंटही बनवतात. मिहानच्या एम्समध्ये पीएमआर म्हणजे पुनर्वसनाचा विभाग आहे. केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं पुनर्वसन केंद्र, सीआरसीही नागपुरात आहे. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) ऑनलाइन अर्ज करायचा, मग सरकारी दवाखान्यात तपासणी. ४० टक्के किंवा जास्त भरलं तर सवलती लागू होतात. हात सुधारण्याची शक्यता असेल तर तात्पुरतं प्रमाणपत्र देतात, त्यात कमीपणा मानू नका. उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर एडीआयपी योजनेतून साहित्य मिळतं. जाताना डिस्चार्ज कार्ड आणि एमआरआयच्या दोन-दोन झेरॉक्स न्या, आणि सकाळी लवकर जा.

---

कळमन्याची लेक | २१ सप्टेंबर, रात्री ९.१०

दोन महिन्यांनी लिहिते आहे. माफ करा, दिवस कसे गेले कळलं नाही.

ग्लोव्ह विकत घेतला नाही. खामल्याच्या काकांनी मला मेसेज करून त्यांच्याकडचा नेऊन बघा म्हटलं. डाव्या हाताचा नसेल, आपल्या कामाचा नाही, असं वाटलं होतं, पण त्यांना जोडीत दोन्ही हातांचे मिळाले होते. दुसरा वापरलाच नव्हता. तो आता सकाळी पंधरा मिनिटं लावतो, ताईंनी सांगितलं तसाच, आधी बाबांचा प्रयत्न आणि मग बटण. सूज उतरली आहे.

आरसा मात्र घरचा. बाबांनी स्वतः सांगितलं कसा करायचा. संत्र्याचं जुनं प्लास्टिकचं कॅरेट आडवं ठेवलं, उजव्या बाजूला आरसा बांधला, डावा हात कॅरेटच्या आत. पहिले आठ-दहा दिवस ते कंटाळायचे. मग एका संध्याकाळी आरशात बघत होते आणि एकदम म्हणाले, ‘याचं वजन लागून राहिलं.’ कशाचं विचारलं तर म्हणाले, ‘हाताचं.’

वहीत रोजचे आकडे लिहितो. जुलैत दिवसाला साठ-सत्तर वेळा व्हायचं, आता अडीचशेच्या पुढे जातं. मेडिकलला स्प्लिंट करून घेतला. ताट आईने मुद्दाम तसंच ठेवलं आहे, चटणी डावीकडेच. आता ती डावीकडे टिचकी मारते, बाबा मान वळवतात आणि चटणी घेतात.

---

खामल्याचे काका | २२ सप्टेंबर, सकाळी ६.५०

वाचून फार बरं वाटलं. मिसेसला वाचून दाखवलं. आम्हीही मनगट खाली सोडून ग्लोव्ह घालायला लागलो आहोत, आता चार मिनिटं लागतात. तीन वर्षं झाली म्हणून मी सोडून दिलं होतं. तळवा आता रोज धुता येतो, वास येत नाही, तिची झोप सुधारली.

---

कळमन्याची लेक | ११ डिसेंबर, रात्री १०.३०

नऊ महिने झाले. जे आहे ते लिहिते.

मधलं बोट, तर्जनी आणि अनामिका मनगट खाली असताना निम्म्यापर्यंत उघडतात. मनगट सरळ ठेवलं की फक्त तर्जनी. करंगळी फार कमी. अंगठा अजून तळव्यातच जातो, थंडीत तर जास्तच. एम्सला दाखवलं, अंगठ्याला आणि मनगटाच्या स्नायूंना आवळ सैल करणारी बोटॉक्सची सुई देऊ म्हणाले, असर तीन-चार महिने राहतो असं सांगितलं. विजेचं मशीन थेरपिस्टकडे आठवड्यातून तीनदा लावतो, ते घरी घ्यायचं की नाही अजून ठरत नाही.

कळमन्यात आंबिया बहाराच्या संत्र्यांची आवक चालू आहे. रविवारी बाबांच्या जुन्या शेठनी एक पेटी पाठवली. बाबांनी एक संत्रं घेतलं, डावा हात टेबलावर ठेवला, उजव्याने त्या हाताची बोटं एकेक करून फळावर टेकवली. मग उजव्या अंगठ्याने देठाजवळ साल उचकटली. फळ घरंगळत होतं, दोनदा निसटून खाली गेलं. मी उचलायला वाकले तर म्हणाले, ‘राहू दे, मी घेतो.’ तिसऱ्यांदा डावा हात त्यावर टेकून राहिला. साल तुकड्या-तुकड्याने निघाली, सोलायला बराच वेळ लागला. पहिली फोड त्यांनी आईला दिली आणि म्हणाले, ‘पोकळ नाही.’

ओटी ताई, विचारायचं होतं की बोटॉक्स दिल्यावर सराव लगेच वाढवायचा की थांबायचं? आणि अंगठ्यासाठी वेगळा स्प्लिंट लागेल का?

---

ओटी मानेवाडा | १२ डिसेंबर, दुपारी २.१०

थांबायचं नाही. सुई दिल्यावर काही दिवसांत सैलपणा यायला लागतो, दोन ते चार आठवड्यांत पुरता जाणवतो. ते आठवडे वाया घालवू नका, उघडण्याचा सराव त्या काळातच सगळ्यात जास्त व्हायला हवा. अंगठ्याचा स्प्लिंट लागेल, पण सध्याच्या मापावर आत्ता बनवू नका. सैल झाल्यावर अंगठा जिथे येईल तिथे माप घेऊ. विजेच्या मशीनचंही तोवर राहू द्या, सैल झालेल्या हातावर एकदा लावून बघू आणि मग ठरवू.

सुईची तारीख ठरली की इथे लिहा. वही घेऊन या, आणि संत्रं सोलताना बाबा डावा हात कसा टेकवतात त्याचा एक व्हिडिओ काढून आणा.